स्टुडिओ बेळगावात, निम्मी कामं कोल्हापूरची: जीएसटी, टीडीएस आणि रिटर्नचं नेमकं कसं करायचं?

शहापूर_स्टुडिओ

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो-व्हिडिओ, अल्बम डिझाइन, शिवाय कॅटलॉग आणि वार्षिक अहवालांची थोडी कामं. आजवर रिटर्न दुसरेच भरून द्यायचे, मी फक्त ओटीपी सांगायचो. यंदा ज्येष्ठ अधिक आलाय, लग्नं बंद, म्हणून सगळा हिशेब समोर घेऊन बसलोय.

२०२५-२६ची एकूण बिलं १७,८०,०००. त्यात बेळगाव-खानापूरकडची लग्नं ९,२०,०००, चंदगड-गडहिंग्लजकडची लग्नं ३,४०,०००, कोल्हापूरच्या एका जाहिरात एजन्सीचं काम ३,६०,००० (त्यांनी १० टक्क्यांनी ३६,००० टीडीएस कापला) आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालाचे १,६०,०००. कारखान्याचे ८५,००० अजून यायचेत. सगळ्यात मिळून रोख ५,४०,०००.

खर्च साधारण ९,५०,०००: दुसरा कॅमेरामन, एडिटर, अल्बमची लॅब, पेट्रोल, भाडं महिना १२,०००. ऑगस्टमध्ये २,४०,०००चा कॅमेरा घेतला, त्याचे वर्षभरातले हप्ते १,२०,००० (पैकी व्याज १८,०००) याच खर्चात धरलेत.

आता एजन्सीचा अकाउंटंट म्हणतो, दुसऱ्या राज्यात बिल करताय म्हणजे जीएसटी नंबर पाहिजेच, २० लाखांची सूट फक्त राज्यातल्या राज्यात. खरं काय? रिटर्न कुठल्या कलमात भरायचं? ३६,००० परत मिळतील का? आणि पुण्याच्या व्हिडिओंमध्ये गुमास्ता, पीटीईसी म्हणतात, ते आपल्याकडं काय असतंय? जाणकारांनी जरा उलगडून सांगा की.

---

निपाणी_डिझाइन

सोपं आहे दादा. ४४एडीए (पेशेवाल्यांसाठी अंदाजे नफ्याचं कलम) लावा, निम्मं उत्पन्न दाखवा, ८,९०,०००. नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. ३६,००० परत. आयटीआर-४, अर्ध्या तासाचं काम. डिझाइनवाले सगळे हेच करतात.

---

वहीखातं

निपाणीकर, शेवटचा आकडा जवळपास बरोबर येईल, पण कलम चुकतंय, आणि नोटीस आली की प्रश्न कलमाचाच निघतो.

४४एडीए हे कलम ठरावीक व्यवसायांपुरतं आहे: वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरिअर डेकोरेटर, आणि अधिसूचनेनं जोडलेले काही, जसे कंपनी सेक्रेटरी, माहिती तंत्रज्ञानवाले, फिल्म आर्टिस्ट. फोटोग्राफर लोक या शेवटच्या शब्दाला धरून बसतात, कारण त्या यादीत कॅमेरामन आणि एडिटर आहेत. पण ते चित्रपटनिर्मितीतले. लग्नाचा कॅमेरामन त्यात बसत नाही. नुसता ग्राफिक डिझायनरही यादीत नाही.

स्टुडिओ, मदतनीस, भाड्याची जागा, अल्बम छापून देणं, असा कारभार असेल तर तो धंदा म्हणून ४४एडीत (छोट्या धंद्यांसाठी अंदाजे नफ्याचं कलम) घालणं जास्त पटणारं आहे. (घरी बसून एकटाच डिझाइन करणारा धंद्यात की पेशात, हा वादाचा विषय आहे. त्याने खर्चाच्या वह्या ठेवून आयटीआर-३ भरलेलं बरं.) ४४एडीत कमीत कमी नफा असा धरतात: बँकेतून, यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के, बाकीवर ८ टक्के. तुमच्या आकड्यांवर १२,४०,०००चे ७४,४०० आणि ५,४०,०००चे ४३,२००, मिळून १,१७,६००. कारखान्याचे ८५,००० रिटर्नच्या मुदतीआधी बँकेत आले तरच त्यांना ६ टक्के लागतात. नाहीतर त्यांना ८ धरा, १,७०० वाढतील.

इथंच बहुतेकांचा पाय घसरतो. १,१७,६०० दाखवून मोकळे होतात. कायद्यात ६ आणि ८ टक्के ही तळरेषा आहे. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. वर्षाला सव्वा लाख कमावणारा माणूस महिन्याला दहा हजारांचे हप्ते कुठून भरतो, हे विचारायला अधिकाऱ्याला फार हुशारी लागत नाही, एआयएसमध्ये (आयकर खात्याकडची तुमच्या व्यवहारांची यादी) सगळं समोर असतं. आणि कमी दाखवून मिळतं काय? तुमचा कर दोन्हीकडं शून्यच आहे. उलट उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक तीन वर्षांची रिटर्न मागते आणि त्या सव्वा लाखावर पात्रता मोजते.

तेव्हा खरा नफा काढू. ९,५०,००० मध्ये कॅमेऱ्याचे हप्ते धरलेत ते चूक. हप्त्यातली मुद्दल हा खर्च नव्हे. १,२०,००० मधलं व्याज १८,००० राहू द्या, १,०२,००० बाहेर काढा. त्याऐवजी घसारा घ्या: कॅमेऱ्याला १५ टक्के, म्हणजे ३६,०००. ऑगस्टपासून वापरात आहे, १८० दिवस भरले, म्हणून पूर्ण. जानेवारीत घेतला असता तर निम्माच, १८,०००. एडिटिंगचा कॉम्प्युटर असेल तर त्याला ४० टक्के. आता खर्च ८,८४,०००, नफा ८,९६,०००. घरखर्चाला काढलेले पैसे यात कुठं मिसळले असतील तर तेही बाहेर काढा, नफा तेवढा वाढेल.

४४एडीत घसारा वेगळा मागता येत नाही, तो धरलाच आहे असं मानतात. हा सगळा हिशेब फक्त खरा नफा किती, हे ठरवण्यासाठी. आयटीआर-४मध्ये एकूण बिलं १७,८०,००० आणि नफा ८,९६,००० टाका. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, उरलेल्या ९६,०००वर १० टक्क्यांनी ९,६००, एकूण २९,६००. कलम ८७ए खाली तो सगळा माफ. ३६,००० पूर्ण परत.

एक सावधगिरी. शेअर विकून नफा झाला असेल तर त्याच्या खास दराच्या कराला ही माफी नाही, आणि बहुतेक वेळा आयटीआर-४ही चालत नाही, ३ भरावा लागतो.

एजन्सीने १९४जेमध्ये (पेशाच्या फीवरच्या टीडीएसचं कलम) कापलंय. तुम्ही ४४एडीत दाखवताय म्हणून टीडीएसचं श्रेय अडत नाही, पण २६एएसमध्ये (तुमच्या पॅनवर जमा टीडीएसचा तक्ता) एजन्सीची रक्कम ३,६०,०००च दिसते का, ते बघा. शेवटच्या तिमाहीचा टीडीएस कापणारा तो ३१ मेपर्यंत कळवतो आणि फॉर्म १६ए १५ जूनपर्यंत देतो. त्याआधी घाईने रिटर्न भरलंत तर जानेवारी-मार्चचा टीडीएस दिसणार नाही आणि परतावा तेवढा कमी निघेल. मुदत चुकवली तर मात्र तुमच्या उत्पन्नाला ५,००० दंड, कर शून्य असला तरी. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं राहून गेलं की भरलेलं न भरल्यासारखं.

२०२५-२६चं रिटर्न जुन्या, १९६१च्या कायद्याप्रमाणेच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, त्यात ४४एडी आणि ४४एडीए दोन्ही कलम ५८ मध्ये आलेत आणि टीडीएस ३९३ मध्ये. यंदाच्या कापणीवर १९४जे दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

---

सीमाभाग_जीएसटी

जीएसटीचं मी सांगतो, कारण बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडीकडच्या लोकांना हा गोंधळ पुण्या-बंगळूरच्या लोकांपेक्षा जास्त पडतो. अर्धा तास गाडी मारली की राज्य बदलतं.

अकाउंटंटचं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. जीएसटी कायद्याच्या कलम २४ मध्ये आंतरराज्य पुरवठ्याला सक्तीची नोंदणी आहे खरी. पण सेवा देणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०१७च्या १०/२०१७ एकात्मिक कर अधिसूचनेने त्यातून सूट दिली. वर्षाची सगळी उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर कोल्हापूर, गोवा, दिल्ली, कुठंही सेवा द्या, नोंदणी लागत नाही. हा अधिसूचना क्रमांक एजन्सीला मेलमध्ये लिहून पाठवा, विषय संपेल. तरीही 'नंबर असेल तरच काम' म्हणाले तर ती त्यांची अट, कायद्याची नव्हे.

ही सूट फक्त सेवेला आहे. मालाला नाही (ठरावीक हस्तकला वस्तूंची सूट वेगळी). लग्नाच्या पॅकेजमध्ये अल्बम दिलात तर मुख्य काम फोटोग्राफीचं, अल्बम त्याचा भाग, म्हणून सगळं सेवेतच. पण वेगळं बिल करून फोटो फ्रेम, फोटोचे मग, कॅलेंडर असा माल गडहिंग्लजला कुरिअरने विकलात, तर पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची. शंभर फ्रेमची एक ऑर्डर सगळी सूट घालवते. तो माल नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने शहापुरात दुकानात येऊन उचलला आणि बिलावर दुसऱ्या राज्याचा पत्ता नसेल तर राज्यातली विक्री.

२० लाख मोजताना देशभरातली, एकाच पॅनवरची सगळी बिलं धरायची. परदेशी वेबसाइटवर फोटो विकून डॉलर आले तर तेही. रोख आली म्हणून सुटत नाही. तुमची १७.८ लाख आहे, तुळशीच्या लग्नानंतरचा हंगाम चांगला गेला तर यंदा डिसेंबर-जानेवारीत ओलांडाल. एप्रिलपासूनची बेरीज दर महिन्याला एका जागी लिहा. ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. वेळेत केला तर नोंदणी ओलांडलेल्या तारखेपासून धरतात, उशीर झाला तर अर्ज मंजूर झाल्याच्या तारखेपासून, आणि मधल्या बिलांचा कर खिशातून, इनपुट क्रेडिटशिवाय (म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वजा न होता).

बायकोच्या नावाने दुसरं बिलबुक करून २०-२० लाख मोजायची युक्ती सांगणारे भेटतील. तोच कॅमेरा, तीच जागा, तोच फोन असेल तर ती टिकत नाही.

२०२५च्या जुलैत कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, तेव्हा बऱ्याच जणांनी 'नो यूपीआय'च्या पाट्या लावल्या. त्यानं काही साधत नाही, उलाढाल ती उलाढालच. त्रास वेगळ्याच गोष्टीने होतो: भिशीचे पैसे, मेव्हण्याने परत केलेली उसनवारी, सगळं त्याच क्यूआरवर येतं आणि उलाढाल फुगलेली दिसते. धंद्याचं चालू खातं वेगळं काढा आणि स्टुडिओचा क्यूआर त्यालाच जोडा.

---

शहापूर_स्टुडिओ

वहीखातं, सीमाभाग, दोघांचेही आभार. हप्त्याची मुद्दल खर्चात जात नाही हे आजवर कुणी बोललं नव्हतं. आणखी विचारतो: नंबर घेतल्यावर कोल्हापूरच्या बिलाला कुठला कर लावायचा? लग्न गोव्यात असलं तर? आणि ६ टक्क्यांची कंपोझिशन घेतली तर बरं का? लग्नवाले १८ टक्के ऐकले की पळतील.

---

सीमाभाग_जीएसटी

कंपोझिशन (इनपुट क्रेडिट न घेता कमी दराने कर भरायची योजना) सेवेला आहे, ५० लाखांपर्यंत, ६ टक्के. पण त्यात राज्याबाहेर पुरवठा करता येत नाही. एक बिल चंदगडचं केलंत की अपात्र. तुमची ८.६ लाखांची मराठी मुलखातली नव्हे, महाराष्ट्रातली कामं सोडायची तयारी असेल तरच. सीमेवरच्या माणसाला ही योजना जवळपास निरुपयोगी आहे.

कर कुठला हे फोटो कुठं काढले यावर ठरत नाही. फोटोग्राफीला साधा नियम लागतो: गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर त्याचा जीएसटी नंबर ज्या राज्यातला, ते राज्य. नोंदणी नसेल तर तुमच्या कागदावरचा त्याचा पत्ता. म्हणून:

कोल्हापूरची एजन्सी: आयजीएसटी (आंतरराज्य कामाचा कर) १८ टक्के. चंदगडच्या वधूपित्याचं काम, लग्न बेळगावच्या मंगल कार्यालयात झालं तरी पत्ता चंदगडचा असेल तर आयजीएसटी. टिळकवाडीच्या गिऱ्हाइकाचं लग्न गोव्यात: सीजीएसटी (केंद्राचा) ९ आणि एसजीएसटी (कर्नाटकचा) ९ टक्के. पत्ताच घेतला नसेल तर तुमचं राज्य धरतात. पण बिल ५०,०००चं किंवा वरचं असेल तर नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचंही नाव, पत्ता, राज्य आणि राज्याचा कोड लिहावाच लागतो. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०. सेवेचा कोड ९९८३.

चुकून सीजीएसटी-एसजीएसटी भरला आणि नंतर कळलं की आयजीएसटी होता, तर बरोबर कर पुन्हा भरायचा आणि चुकीच्या खात्यात भरलेला परत मागायचा. व्याज लागत नाही. पण परताव्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि तोवर पैसे अडकतात. ॲडव्हान्सवरही कर: सेवेत ॲडव्हान्स हातात आला त्याच महिन्यात जीएसटी देय होतो. डिसेंबरच्या लग्नाचा ॲडव्हान्स ऑगस्टमध्ये घेतलात तर कर ऑगस्टचा. लग्न मोडलं तर परत दिल्याचा रिफंड व्हाउचर काढा.

भाडं: मालक नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही नोंदणी घेतलीत, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानभाड्यावरचा १८ टक्के तुम्हीच सरकारला भरायचा. १२,०००वर २,१६०, क्रेडिटमधून न वळवता प्रत्यक्ष पैसे भरून. त्याच महिन्यात क्रेडिट म्हणून परत घेता येतो, पण भरायला विसरणारे खूप. कॅमेरा, लेन्स, सॉफ्टवेअर, अल्बम लॅबचं बिल, या सगळ्याचं क्रेडिट मिळतं, बिलावर तुमचा नंबर असेल तर. लॅबला पहिल्या दिवशीच नंबर कळवा. साध्या कारवरचं क्रेडिट नाही. ज्या वस्तूच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं, तिच्या किमतीत तो कर धरून घसारा काढू नका.

गिऱ्हाइकाला १ लाखच सांगायचे असतील तर त्यातून तुमचे ८४,७४६ आणि सरकारचे १५,२५४. म्हणून नव्या हंगामाची कोटेशन आत्ताच 'कर लागू झाल्यास वेगळा' या ओळीने द्या. डिसेंबरमध्ये नंबर घेऊन ऑगस्टच्या ठरलेल्या रकमेवर कर मागायला गेलात तर वाद होणारच.

अर्जाला पॅन, आधार, फोटो, भाडेकरार आणि हेस्कॉमचं वीजबिल लागतं. शहापूर-वडगावकडच्या जुन्या घरांत वीजबिल आजोबांच्या नावावर असतं, तिथं अर्ज अडतो. घरपट्टीची पावती आणि मालकाचं संमतीपत्र सोबत जोडा.

---

खडेबाजार_छपाई

कारखान्याच्या अहवालावर थोडं. २० ऑक्टोबर २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे (११/११/२०१७) अहवाल, पुस्तकं, माहितीपत्रकं यांत मजकूर गिऱ्हाइकाचा आणि कागद छापणाऱ्याचा असेल तर ती सेवा. तेव्हा अहवाल महाराष्ट्रात पाठवायला २० लाखांपर्यंत अडचण नाही. पण पाकिटं, छापील खोके हे त्याच परिपत्रकात माल धरलेत. कारखाना अहवालाबरोबर 'दोन हजार पाकिटंही टाका की' म्हणतो, तेव्हा तिथंच थांबा. पाकिटं त्यांनी कोल्हापुरात छापून घ्यावीत.

थकलेल्या ८५,०००साठी: उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आज काढा, आधार-पॅनवर होते, एक पैसा लागत नाही. पैसे मागणारी संकेतस्थळं दिसली तर सरकारची नव्हेत. नोंदणी कामाच्या आधीची असावी लागते. आधीच्या कामाला मागून काढलेली दाखवून दावा टिकवणं अवघड जातं. पुढच्या कामांना मात्र उपयोग मोठा. गिऱ्हाइकाला पैसे द्यायची मुदत: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ.

गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असलं तरी तक्रार कर्नाटकच्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे चालते, कारण पुरवठादार जिथला तिथली परिषद. तक्रार ऑनलाइन करता येते. कोल्हापूरला खेपा घालायला नकोत.

तक्रारीच्या आधी एक साधा मार्ग आहे. आयकराच्या जुन्या कायद्यातल्या ४३बी(एच) मुळे (नव्या कायद्यात आकडा बदलला, नियम तोच) सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च गिऱ्हाइकाला त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीच्या शेवटी अकाउंट विभागाला बिलांची यादी पाठवा. ऑडिटर मार्चमध्ये हेच विचारतो.

---

वहीखातं

गुमास्ता (दुकानाची नोंदणी) आणि पीटीईसी (व्यवसाय कराची नावनोंदणी) हे महाराष्ट्राचे. इथं त्यांच्या जागी कर्नाटक शॉप्स अँड कमर्शिअल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा, १९६१ची नोंदणी कामगार खात्याकडे, आणि मनपाचा ट्रेड लायसन्स वेगळा. निपाणीला नगरसभा, गावात ग्रामपंचायत. कागद कन्नडमध्ये असतात, सही करण्याआधी धंद्याचा प्रकार आणि जागेचं मोजमाप कुणाकडून तरी वाचून घ्या, फी त्यावरच ठरते. स्टुडिओची पाटी नवी करणार असाल तर ६० टक्के कन्नडचा नियम धरूनच मजकूर द्या, पाटीचा खर्च दोनदा नको.

व्यवसाय कर कर्नाटकाला भरायचा, १९७६च्या कायद्याखाली. घटनेच्या कलम २७६ने याची कमाल वर्षाला २,५०० ठेवलीय. नावनोंदणी केलेल्यांची मुदत ३० एप्रिल. महाराष्ट्राची ३० जून असते, व्हिडिओ बघून ती तारीख धरणारे इथं चुकतात.

रोखीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. कलम २६९एसटी: एकाच व्यक्तीकडून एका प्रसंगासाठी २ लाख किंवा जास्त रोख घ्यायचे नाहीत. ८०,००० आत्ता, ८०,००० हळदीला, ६०,००० अल्बमच्या वेळी, असे तीन तुकडे केले तरी प्रसंग एकच, बेरीज २,२०,०००. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढाच. साखरपुडा, हळद, लग्न, रिसेप्शन वेगळे प्रसंग म्हणून सांगायला जाऊ नका, तुमचंच एक कोटेशन पुरावा ठरतं. नवरदेवाकडचे आणि नवरीकडचे आपापलं पॅकेज वेगळं घेत असतील तर व्यक्ती वेगळ्या. नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला, नियम तसाच आहे.

---

निपाणी_डिझाइन

४४एडीएचं वहीखातं म्हणतात ते मान्य. पण मग माझ्यासारख्यांना, एकटाच लॅपटॉपवर काम करणाऱ्यांना, वह्या म्हणजे नेमकं काय ठेवायचं?

---

वहीखातं

फार नाही. एक रोजमेळ (तारीख, कुणाकडून किंवा कुणाला, रक्कम, बँक की रोख), बिलांचा अखंड क्रमांक असलेला एक संच, खर्चाची बिलं महिन्याच्या पाकिटात, आणि ३१ मार्चला येणं-देणं किती राहिलं त्याची यादी. लॅपटॉप, टॅबलेटची खरेदी वेगळ्या पानावर, तारीख आणि रकमेसह. एडिटर किंवा लेखकाला दिलेल्या पैशांच्या व्हाउचरवर नाव, पॅन, काम आणि सही. एका माणसाला एका दिवशी १०,००० पेक्षा जास्त रोख दिलेत तर तो खर्च मंजूर होत नाही, तेव्हा यूपीआय करा. मागच्या वर्षी पेशाची उलाढाल ५० लाखांच्या आत असेल तर त्यांचा टीडीएस तुम्हाला कापावा लागत नाही.

नोंदणी नसताना बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' छापू नका आणि जीएसटीची ओळ ठेवू नका. नुसतं 'बिल', पॅन आणि उद्यम क्रमांक पुरे.

---

शहापूर_स्टुडिओ

शेवटचं. ॲडव्हान्स येतो आणि खर्चून जातो, मग चातुर्मासात भाड्याची ओढाताण. कर बाजूला किती ठेवावा?

---

वहीखातं

यंदाच्या नफ्यावर कर शून्य आहे, म्हणून करासाठी फार अडकवू नका. नफा १२ लाखांच्या वर जाईल असं दिसलं की मग. १२,३०,००० झाला तर हिशेबाने कर ६४,५०० येतो, पण सवलत अशी आहे की वाढीव ३०,००० पेक्षा जास्त घेत नाहीत, अधिक ४ टक्के उपकर, म्हणजे ३१,२००. १३ लाखांना मात्र ७८,०००. ४४एडीवाल्याला ॲडव्हान्स टॅक्सचे चार हप्ते नाहीत, सगळा १५ मार्चपर्यंत. टीडीएस वजा जाऊन १०,००० किंवा जास्त उरत असेल तरच भरायचा.

ॲडव्हान्ससाठी दुसरं बचत खातं काढा. समजा पॅकेज १,२०,०००, ॲडव्हान्स ४०,०००. त्यातून त्या लग्नाचा बाहेरचा खर्च आधी बाजूला: दुसरा कॅमेरामन, अल्बमची लॅब, एडिटर. तुमच्या आकड्यांवर भाडं आणि हप्ते सोडून कामाचा थेट खर्च ३८-३९ टक्के दिसतो, म्हणजे ४६,०००च्या आसपास लागणार. तेव्हा हा ४०,००० सगळाच त्या खात्यात थांबायला हवा. तुमचा नफा शेवटच्या हप्त्यात आहे. म्हणून अल्बम हातात देण्याआधी पूर्ण पैसे, ही अट कोटेशनवर छापलेली असू द्या.

यंदा आषाढी २५ जुलैला आणि कार्तिकी २० नोव्हेंबरला. त्यात अधिक महिन्याने मे-जूनचे दिवसही खाल्लेत. भाडं, कॅमेऱ्याचा हप्ता, वीज, घरखर्च यांची पाच महिन्यांची बेरीज करा. तेवढे पैसे आत्ता हातात नसतील तर चालू कर्जावर आणखी लेन्स हप्त्यावर घेऊ नका. कॅटलॉगची कामं या दिवसांत येतात, ती एजन्सीकडून आधीच ठरवून घ्या, आणि ३६,०००चा परतावा लवकर हवा असेल तर बँक खातं आयकर पोर्टलवर व्हॅलिडेट झालंय का, ते रिटर्न भरण्याआधी तपासा. पॅनवरचं आणि बँकेतलं नाव जुळत नसेल तर परतावा तिथंच अडतो.